म्हणणं

वेणूनं बोटाला थुंकी लावली, बाकाखालची धूळ टिपली आणि पोरीच्या कपाळावर, मग दोन्ही गालांवर फासली. पोरीला हे नवं नव्हतं. उलट वयनीला, म्हणजे वेणूला, नीट फासता यावं म्हणून तिनंच हनुवटी वर करून धरली.

पनवेलच्या न्यायालयाचा व्हरांडा अकरा वाजताच भरून गेला होता. आफरीन वकील काळा कोट सावरत, फायली छातीशी धरून जिना चढून आली आणि पोरीकडे बघून जागीच थांबली. वेणूला ही वकील सरकारकडून मोफत मिळाली होती. वयानं लहान, पण बाई मन लावून काम करायची.

"वेणूताई, मी काय सांगितलं होतं? मुलीला नीट तयार करून आणा म्हणून. जज मॅडमनी तिला आत बोलावलं तर? आणि हा फ्रॉक कोणाचा?"

"नणंदेच्या पोरीचा. जुना हाय."

"चांगला एखादा नव्हता का?"

वेणूनं पोरीच्या खांद्यावरची उसवलेली शिवण बोटानं दाबली. पोर नऊ वर्षांची झाली, पण तिच्या अंगाला अजून कोरं कापड लागलेलं नव्हतं. दिवाळीलाही नाही.

आफरीन तिच्या शेजारी टेकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "शेवटचं सांगते. आज तुमची उलटतपासणी आहे. तुमच्या नवऱ्याचे, हरेशचे वकील फिरून फिरून एकच विचारणार, ही मुलगी तुमची का? तुम्ही 'हो, माझी' एवढंच म्हणायचं. डीएनए चाचणीचा अर्ज माझ्या फाईलमध्ये तयार आहे. पण आईच नाही म्हणाली, तर चाचणी मी कशाच्या जोरावर मागू?"

"तुमी लिवलंय ना कागदावर?"

"लिहिलंय. खाली सही तुमची आहे. पण पिंजऱ्यात तोंडानं बोलावं लागतं."

"आनि नाय बोलली तर?"

"तर ती सापडलेली मुलगी ठरते. सापडलेलं मूल असं घरात ठेवून घेता येत नाही, ताई. चोवीस तासांत कळवावं लागतं. तुम्ही नऊ वर्षं ठेवलंत. मग तिला बालकल्याण समितीपुढे नेतील, बालगृहात ठेवतील. तिथून कोणी दत्तक घेऊन जाईल, आणि ते अगदी कायद्याला धरून होईल." आफरीननं पोरीकडे पाहिलं आणि आवाज आणखी बारीक केला. "पोटगीचं सोडाच. मुलगीच जाईल."

एवढं सांगून ती कारकुनाकडे नंबर बघायला गेली. वेणू पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत बसली.

पोरीचं शाळेतलं नाव दीपिका. ते बालवाडीतल्या बाईंनी ठेवलेलं. घरातलं नाव कचरी, आणि ते आजीनं ठेवलेलं. हाक कचरी म्हणूनच मारायची, आणि तीही प्रेमानं नाही, जराशी खेकसून. हा त्या घरचा नेम होता, आणि नेमाला कारण होतं.

कचरीच्या आधी वेणूला तीन पोरं झाली. पहिलं आठव्या दिवशी गेलं. दुसरं तीन महिन्यांचं होऊन, हसायला लागून गेलं. तिसरं सव्वा महिना पुरा करून, दुसऱ्या दिवशी पहाटे अंगाशी थंड लागलं. डॉक्टरांनी तिन्ही वेळा वेगवेगळी कारणं लिहून दिली. सासरा तुळशीराम तेव्हा होता. तो प्रत्येक वेळी सायकल काढून ग्रामपंचायतीत जन्माची नोंद करायला गेला, आणि प्रत्येक वेळी काही दिवसांनी त्याच टेबलापुढे दुसरी नोंद करायला उभा राहिला. तिसऱ्या खेपेला ग्रामसेवकानं मान वर केली नाही. दुसरी वही मात्र न विचारता उघडली.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितो. चौथ्या वेळी वेणूची सासू सोनाबाई हट्टाला पेटली. दवाखाना नाही, नोंद नाही, पाचवी नाही, बारसं नाही. "लिवलं की सटवी वाचते," ती म्हणायची. "आई ज्याला माजं म्हनते, त्यालाच ती उचलते. उकिरड्यावरचं ती कशाला हुंगंल?" पोर घरीच झाली. सोनाबाईनं ती फाटक्या लुगड्यात गुंडाळली आणि उजाडताना घरामागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवली. ठरल्याप्रमाणे नाक्यावरची हाजराबी तिकडून आली. तिची सहाच्या सहा पोरं जगली होती, म्हणून तिला निवडलेली. "अगो, कोनाचं पोर पडलंय ह्ये?" असं ती तीनदा मोठ्यानं ओरडली. वेणू मागच्या दारात उभी होती. तिनं उत्तर द्यायचं नव्हतं. चोळी दुधानं भिजली तरी तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. मग हाजराबीनं पोर उचलून आपल्या घरी नेली, आणि संध्याकाळी वेणू सूपभर कणी घेऊन तिच्या दारात गेली. सूप देऊन पोर विकत आणली.

तेव्हापासून बारा वर्षांचा करार. बारा वर्षं पोरीला आपली म्हणायचं नाही. पोरीनं आई म्हणायचं नाही, वयनी म्हणायचं. कोरं कापड नाही, कौतुक नाही. बारा पुरी झाली की हाजराबीनं पोर वेणूच्या ओटीत घालायची आणि "तुजी तुला" म्हणायचं. मग सगळं मोकळं. तोवर चुकून कोणाच्या तोंडून "वेणूची पोर" असं निसटलं, तर घरच्यानं लगेच डाव्या पायाची टाच जमिनीवर आपटायची आणि दोनदा म्हणायचं, "उकिरड्याची, उकिरड्याची." म्हणजे निसटलेला शब्द मातीत जातो.

यात सगळ्यांत कडक होता तो हरेश, वेणूचा नवरा. सोनाबाई एखाद्या वेळी विसरायची, हरेश नाही. एका हळदीत कोणी दोस्त म्हणाला, "हरेश, पोर तुज्यावरच गेलीय रं," तर यानं हातातलं ताट खाली ठेवलं, टाच आपटली आणि शब्द म्हणूनच ताट परत उचललं. नेम पाळावा तर त्यानं.

कचरी जगली. सातवी शिकलेल्या वेणूला हे सारं खरं वाटत होतं का? तीन पोरं मातीत ठेवलेल्या बाईला असं विचारू नये. पोर जगली होती, एवढं तिला दिसत होतं.

पुढं गाव विमानतळात गेलं. घरं हलली, आखून दिलेल्या प्लॉटवर नवी उभी राहिली. तुळशीराम गेला, दोन वर्षांपूर्वी सोनाबाईही गेली. हरेश कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रेलर चालवायचा, तो तिकडंच दुसऱ्या बाईपाशी राहायला लागला. तिला मुलगा झाला. त्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला चौकात बॅनर लागला. वर मुलगा, खाली गॉगल घातलेला हरेश, आणि मोठ्या अक्षरांत 'आमचा वाघ'. वेणूनं तो बसमधून पाहिला. तिला स्वतःचं काही वाटलं नाही. इतक्या मोठ्या अक्षरांत लिहून ते पोर जगतंय, याचं मात्र वाटलं.

कचरीच्या खर्चाला तो काही देईना, तेव्हा वेणूनं पोरीच्या पोटगीसाठी अर्ज केला. कोर्टात अर्जाला जे उत्तर देतात, त्याला 'म्हणणं' म्हणतात. हरेशनं आपलं म्हणणं दिलं. सदर मुलगी आपली नाही, अर्जदाराचीही नाही. ती गावच्या उकिरड्यावर सापडली असून अर्जदाराने ती एका बाईकडून सूपभर कणीच्या बदल्यात घेतली आहे, आणि ही गोष्ट गावात सर्वांना माहीत आहे. पहिलं वाक्य सोडलं तर त्यात अक्षर खोटं नव्हतं. घरच्यांनी सटवीला फसवायला रचलेली गोष्ट त्यानं कोर्टाला विकली. इतकं पक्कं काम एखाद्या वकिलालाही सुचलं नसतं.

हाजराबी बाकाच्या दुसऱ्या टोकाला तसबीचे मणी ओढत बसली होती. आता ती मुलाकडं, नावेदकडं, पनवेलच्या मोहल्ल्यात राहायची. गुडघे गेले होते तरी आली होती. वेणू तिच्याकडं सरकली.

"हाजराबी, आजच बोल ना गं. 'तुजी तुला' म्हन. मंग मी आत जाऊन बोलंन."

हाजराबीचा मणी बोटातच थांबला. "तीन वर्सं हायत अजून. मुद्दत पुरी नाय झाली."

"तुमच्यात तर ह्ये मानत नाय."

"आमच्यात नाय मानत, बाय. मौलानांना कललं तर मना घराबाहेर काडतील." तिनं कचरीकडं पाहिलं. "पन पोरगी मी उचललीय ना. माज्या तोंडून गेलं आनि कमी-जास्त झालं, तर मी अल्लाला काय तोंड दाखवू?"

शिपायानं पुकारा केला.

कोर्टरूम लहान होती. पंखे होते, पण वारा खाली येत नव्हता. न्यायाधीश मॅडम चाळिशीच्या, चष्म्याच्या. एका बाजूला संगणकावर टाइप करणारा मुलगा. शेवटच्या बाकावर हरेश, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. त्यानं वेणूकडं पाहिलं नाही. दार उघडंच होतं, आणि पिंजऱ्यातून बरोबर समोर व्हरांड्यातला बाक दिसत होता. कचरी पाय हलवत बसली होती.

वेणूनं शपथ घेतली. हरेशचा वकील उठला. माणूस आवाज चढवणारा नव्हता. सुपारी कातरावी तसा बारीक बारीक विचारायचा.

"तुम्हाला आधी तीन मुलं झाली आणि तिघांच्याही जन्माच्या नोंदी आहेत. हे म्हणणं खरं आहे?"

"खरं हाय."

"या मुलीची जन्मनोंद कुठंही नाही, हे म्हणणं खरं आहे?"

"खरं हाय."

"दवाखान्यात नाव नाही. डॉक्टर नाही, नर्स नाही. शाळेत पालक म्हणून तुमच्या सासूचं नाव आहे, तुमचं नाही."

"नाय."

"मुलगी गावच्या उकिरड्यावर पडलेली होती. खरं आहे?"

वेणूनं कठडा धरला. "खरं हाय."

कळफलक खडखडला.

"तिथून ती हाजरा नावाच्या बाईनं उचलली?"

"हाव."

"तुम्ही तिच्याकडून घेतलीत. बदल्यात काय दिलंत?"

"सूपभर कनी."

बाकांवर कोणीतरी हसलं.

"तो उकिरडा आता कुठं आहे?"

"विमानतळाखाली."

हसू वाढलं. मॅडमनी पेन टेबलावर आपटलं, तसं ते थांबलं.

"ही मुलगी तुम्हाला काय हाक मारते?"

"वयनी."

"आई म्हणत नाही?"

"नाय."

"कधीच म्हटलेलं नाही?"

वेणूला खोटं बोलता आलं असतं. पण शपथ घेतलेली होती, आणि बाई भाबडी.

"एकदा म्हनली होती. दीड वर्साची असताना. बाकीच्या पोरांचं ऐकून."

"मग?"

"मंग सासूनं तिच्या तोंडावर हात ठेवला."

मॅडमनी पहिल्यांदा कागदावरून नजर उचलून तिच्याकडं नीट पाहिलं. वकिलाला ते आवडलं नसावं. त्यानं लगेच पुढचा प्रश्न टाकला.

"म्हणजे, ही मुलगी तुमच्या पोटची नाही, हे म्हणणं खरं आहे?"

आफरीन टेबलाशी बसल्या बसल्या पुढं झुकली. तिचे ओठ हलत होते. हो, माझी. हो, माझी.

समजावून सांगायची तरी सोय कुठं होती? ते सगळं लटकं होतं, फसवायला केलं होतं, असं म्हणावं तर जिला फसवायचं होतं तीही ऐकणारच की. भर कोर्टात, नाव-गाव-शपथेसह, वर टाइप करून. नऊ वर्षं शिवून ठेवलेलं एका ओळीत उसवायचं.

"बाई, उत्तर द्या," मॅडम म्हणाल्या. "हो किंवा नाही."

"मॅडम, मनात बोलले तर चालंल?"

या वेळी कोणी हसलं नाही.

"मनातलं टाइप होत नाही, बाई," मॅडम म्हणाल्या. रागावून नाही, सांगावं तसं.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. वेणूनं नाही म्हणून पाहिलं, मनातल्या मनात. नाही म्हटलं तर पोर जाईल. बालगृहात जाईल, तिथून कोणाच्या तरी घरी जाईल. तिथं तिला कोरा फ्रॉक मिळेल. कोणा भल्या बाईला ती आई म्हणेल, आणि त्या बाईला कसली भीती नसेल. कुठंतरी राहील, पण राहील. पहिल्या तिघांच्या वेळी कोणी असं विचारलं असतं, की पोर दुसऱ्याला दे म्हणजे जगेल, तर तिनं दिलंच असतं की. तीन वेळा दिलं असतं. तिनं कठडा सोडला आणि नाही म्हणायला तोंड उघडलं.

त्याच वेळी बाकावरच्या कचरीला वाटलं, वयनी आपल्याकडंच बघतेय. सकाळसारखी काही फासाफासी राहिली असेल असं समजून तिनं शहाण्यासारखी हनुवटी वर केली आणि डोळे मिटून थांबून राहिली.

"माजी हाय," वेणू म्हणाली.

तिचा आवाज तिलाच अनोळखी लागला. मग तो थांबेना.

"माजी हाय, मॅडम. माज्या पोटची हाय. मीच जनलीय तिला."

तोच मागून आवाज आला. ठक्. बुटाची टाच फरशीवर आपटल्याचा. त्यामागून, दबक्या पण घाईच्या आवाजात:

"उकिरड्याची, उकिरड्याची."

सगळ्यांच्या माना मागं वळल्या. शेवटच्या बाकावर हरेश पांढराफटक पडून बसला होता. डावा पाय अजून किंचित पुढं होता. आपण काय केलं ते त्याला लोकांच्या नजरांवरून कळत गेलं, तसा त्यानं पाय हळूच मागं ओढला.

"जाबदार, उभे राहा," मॅडम म्हणाल्या. "काय म्हणालात तुम्ही?"

"काय नाय, मॅडम."

त्याचा वकील घाईनं उठला. "मॅडम, माझे अशील तब्येतीनं जरा..."

"बसा. मी ऐकलंय आणि पाहिलंय." मॅडम टाइप करणाऱ्या मुलाकडं वळल्या. "घ्या. साक्षीदाराने मुलगी आपल्या पोटची असल्याचे सांगताच जाबदाराने बसल्या जागी टाच आपटली आणि 'उकिरड्याची' असे दोन वेळा म्हटले." कळफलक खडखडला. "तुमचे आणखी काही प्रश्न?"

हरेशचा वकील फाईल चाळत राहिला. प्रश्न नव्हते. आफरीन उठली. तिच्या फाईलमध्ये बारा प्रश्न लिहून आणलेले होते. तिनं ती मिटली आणि एकच विचारला.

"वेणूताई, आत्ता हे जे मागून म्हटलं गेलं, ते कोण म्हणतं?"

वेणूला क्षणभर प्रश्न कळला नाही. यात विचारण्यासारखं काय आहे, तेच तिला कळेना.

"घरचं मानूस म्हनतं," ती म्हणाली. "भायेरच्याला काय पडलीय? ज्याला पोर जगायला पायजे, तोच म्हनतो."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. मग तेही शब्द जसेच्या तसे टाइप करून घेतले, 'भायेरच्याला' सुद्धा. डीएनए चाचणीचा अर्ज त्यांनी घेतला, पोरीसह तिघांनी रक्त द्यायला कधी जायचं ते सांगितलं, पुढची तारीख दिली आणि दुसरं प्रकरण पुकारलं. सगळं मिळून अर्धा तास.

व्हरांड्यात आफरीननं तिचे दोन्ही हात धरले. "ताई, सुटलात तुम्ही! चाचणी आता नुसती रीत आहे. मुलगी कुठंही जात नाही." तिचे डोळे भरून आले होते. पोरगीच ती, पहिल्या दोन-तीन केसपैकी ही एक असावी. वेणूनं मान हलवली. सुटल्यासारखं तिला काही वाटत नव्हतं. छातीत कुणीतरी दार उघडं टाकून गेल्यासारखं वाटत होतं, आणि ते आता बंद होणारं नव्हतं.

आफरीन दुसऱ्या कोर्टाकडं धावली. जिन्यावर हरेशचा वकील हरेशला दबक्या आवाजात झापत होता. थोड्या वेळानं तो एकटाच खाली गेला आणि हरेश पायऱ्या चढून परत वर आला. बाकापासून चार हात लांब उभा राहिला. पोरीकडं बघायचं टाळत तो भिंतीकडं बघून बोलला.

"वेणू, घरी गेल्यावर मीठ-मिरच्या उतरव. तीन दिस शाळेत नको धाडू. आनि विहिरीकडं, नायतर रस्त्याकडं एकटीला सोडू नको."

दोन वर्षांत तो तिच्याशी इतकं बोलला नव्हता.

"कोनाची हाय ती?" वेणूनं विचारलं.

वेणूनं पुन्हा विचारलं, या वेळी पुरती त्याच्या तोंडाकडं बघून. "इथं टाइप करायला कोन नाय. सांग. कोनाची हाय?"

एकदा, फक्त एकदा, त्याची नजर पोरीच्या धुळीनं माखलेल्या गालांवरून फिरली.

"उकिरड्याची," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला.

ते त्यानं पोरीच्या जिवासाठी म्हटलं की स्वतःच्या खिशासाठी, हे त्यालाच ठाऊक. कदाचित त्यालाही नसेल. बाप असून नाकारणारा माणूस वेणूनं पाहिला होता. इथं तोच माणूस पोरीसाठी थरथरतही होता, आणि दोन्ही एकाच शब्दात बसत होतं. तिला त्याची शिसारी आली. त्याहून, आता ही भीती वाटून घ्यायला जगात तोच एक माणूस उरला, याची जास्त आली.

हाजराबी भिंतीला धरून उठली. तिघी जिना उतरून फाटकाबाहेर आल्या आणि रिक्षाची वाट बघत सावलीला थांबल्या. उन्हं डोक्यावर आली होती. वरून एक विमान चाकं बाहेर काढून खाली सरकत गेलं. त्यांचं गाव जिथं होतं, तिथंच ते टेकणार होतं. एरवी कचरी हात हलवायची. आज तिनं विमानाकडं पाहिलंही नाही.

"वयनी," ती म्हणाली, "तू आत बोललीस ना, ते मना ऐकू आलं."

वेणूनं रस्त्यावरची नजर काढली नाही.

"तू जोरात बोललीस. भायेरच्या सगल्यांना ऐकू आलं." पोर तिच्या समोर येऊन उभी राहिली. गालांवरची धूळ तिनं कधीतरी फ्रॉकच्या टोकानं पुसून टाकली होती. खाली नितळ, सावळा चेहरा होता, आणि तो चेहरा आनंदानं नुसता फुलून आला होता. "मंग आता मी पन बोलू?"

वेणूनं नाही म्हटलं नाही. तिला ते म्हणताच आलं नाही. नऊ वर्षं तिनं या एका शब्दासाठी कान कोंडून ठेवले होते. पोरीनं श्वास घेतला, नवं काही चाखून बघावं तसे ओठ उघडले.

"आ..."

वेणूचा हात तिच्या तोंडावर गेला होता. कधी गेला ते वेणूला कळलंही नाही. घट्ट, सोनाबाईचा गेला होता तसाच. पोर धडपडली नाही. हातामागं तिचे डोळे हसतच होते. तिला वाटलं, वयनी खेळतेय. तिचा श्वास वेणूच्या तळव्यावर लागत होता, आत जात होता, बाहेर येत होता.

वेणूनं हात काढला नाही. ती तो श्वास बघत राहिली. रिक्षा आली, थांबली, रिक्षावाल्यानं दोनदा विचारलं.

"हाजराबी," ती शेवटी म्हणाली, "जरा हात लावून बघ गं. हिचं आंग गरम लागतंय का?"

हाजराबीनं तसबी मुठीत धरली आणि मोकळा हात पोरीच्या कपाळावर ठेवला. बराच वेळ तिनं तो काढला नाही.